धूर दुसऱ्याचा, छाती आपली : घरात, ऑफिसात आणि जिन्यात काय करता येतं

आमच्या इमारतीत तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे जिन्याला एक खिडकी आहे. तिच्या कठड्यावर वर्षानुवर्षं थोटकं सापडायची. मी सोसायटीची सचिव झाले त्या वर्षी पहिली तक्रार आली ती पाण्याची किंवा पार्किंगची नव्हे, या खिडकीची. चौथ्या मजल्यावर सहा महिन्यांचं बाळ होतं आणि संध्याकाळी दार लावलेलं असूनही घरात सिगारेटचा वास भरायचा. मी नव्या पदाच्या उत्साहात थेट 'त्या' गृहस्थांचं दार वाजवलं. पाच मिनिटांत दोघांचाही आवाज चढला. पुढे तीन महिने ते लिफ्टमध्ये माझ्याकडे पाठ करून उभे राहायचे. थोटकं तेवढीच.

मग मी कायदा वाचायला बसले आणि पहिल्याच वाचनात कळलं की मी चुकीचं दार वाजवलं होतं. सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानबंदीची जबाबदारी आपल्याकडे त्या जागेच्या मालकावर, व्यवस्थापकावर, प्रमुखावर टाकलेली आहे. ओढणाऱ्याला दंड होतोच, पण जागा सांभाळणाराही सुटत नाही. ही एक गोष्ट लक्षात ठेवली तर निम्मी भांडणं वाचतात. बाकीचं क्रमाने सांगते.

आधी धूर ओळखा

सिगारेट ओढणारा माणूस झुरका घेतो काही सेकंद. उरलेला सगळा वेळ सिगारेट त्याच्या बोटांत नुसती जळत असते. शेजारच्याच्या नाकात जाणाऱ्या धुरातला मोठा भाग असतो तो या जळत्या टोकाचा, ओढणाऱ्याने बाहेर सोडलेला नव्हे. हे टोक झुरक्याच्या वेळेपेक्षा कमी तापमानाला, अर्धवट जळतं. त्यामुळे अमोनिया आणि नायट्रोसअमाइनसारखे काही घातक पदार्थ त्या धुरात उलट जास्त असतात, आणि तो कुठल्याही फिल्टरमधून गाळून येत नाही. तंबाखूच्या धुरात सात हजारांहून अधिक रसायनं मोजली गेली आहेत. त्यांतली सुमारे ७० कर्करोगाला कारण ठरतात.

पुरावा नवा नाही. ताकेशी हिरायामा या जपानी संशोधकाने ९१,५४० बायकांची १९६६ पासून १४ वर्षं नोंद ठेवली. या बायका स्वतः कधी सिगारेट ओढत नव्हत्या. ज्यांचे नवरे दिवसाला वीस किंवा जास्त सिगारेटी ओढायचे, त्यांच्यात फुप्फुसाच्या कर्करोगाने मरण्याचं प्रमाण जवळपास दुप्पट निघालं. हे १९८१ साली प्रसिद्ध झालं तेव्हा तंबाखू कंपन्यांनी त्याच्यावर तुटून पडण्यात काही कसर ठेवली नाही. पण पुढचे अभ्यास त्याच दिशेने गेले. २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने दुसऱ्याचा धूर थेट पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या गोष्टींत टाकला. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या, म्हणजे तिथल्या सरकारच्या सर्वोच्च सार्वजनिक आरोग्य अधिकाऱ्याच्या, २००६ च्या अहवालानुसार अशा धुरात राहणाऱ्या, स्वतः न ओढणाऱ्या माणसाला हृदयविकाराचा धोका २५ ते ३० टक्क्यांनी वाढतो. इतका धूर चालेल, अशी सुरक्षित मर्यादा नाही, असंही त्यात स्पष्ट म्हटलं आहे.

हृदयाचं हे गणित मला सगळ्यात उशिरा पटलं. धूर थोडा म्हणजे धोकाही थोडाच, असं आपण धरून चालतो. हृदयाच्या बाबतीत ते खरं नाही. थोड्याशा धुरानेही रक्तातल्या प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, चिकट होतात आणि रक्तवाहिन्यांचं अस्तर नीट काम करेनासं होतं. जपानमध्येच झालेल्या २००१ सालच्या एका अभ्यासात न ओढणाऱ्या निरोगी तरुणांवर अवघ्या ३० मिनिटांत रक्तवाहिन्यांवरचा हा परिणाम दिसला. म्हणून बायपास किंवा अँजिओप्लास्टी झालेला माणूस घरात असेल, तर 'पाहुणे आहेत, एक दिवस ओढली तर काय होतंय' याला अर्थ नाही.

लहान मुलांचं वेगळं. त्यांचा श्वास मोठ्यांपेक्षा जलद चालतो, आणि खोली सोडून जाणं त्यांच्या हातात नसतं. दमा बळावणं, छातीत कफ, पुन्हा पुन्हा फुटणारा कान, तान्ह्या बाळांचा झोपेत अचानक मृत्यू, या सगळ्याशी या धुराचा संबंध आहे. गरोदर बाई धुरात राहिली तर बाळाचं वजन कमी भरतं. आणि धूर म्हणजे फक्त सिगारेट नव्हे. आपल्या देशात २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत सिगारेटपेक्षा विडी ओढणारे जास्त निघाले. त्याच पाहणीत ३८.७ टक्के प्रौढांनी सांगितलं की आपल्याला घरातच दुसऱ्याचा धूर सोसावा लागतो. विडी 'पानाची' म्हणून सौम्य, हा समज आमच्या सासरी अजून आहे.

घरातला नियम : उंबरठा

'खिडकीत उभं राहून ओढतो', 'पंखा लावतो', 'बाथरूममध्ये जातो', 'मुलं झोपल्यावर'. घरोघरी चालणाऱ्या या चारही तडजोडी कुचकामी आहेत. खिडकीतून हवा बाहेर जाते तशी आतही येते. पंखा धूर घालवत नाही, घरभर सारखा पसरवतो. हवा शुद्ध करणारं यंत्र कण पकडतं, पण वायू बरेचसे तसेच सुटतात. वास गेला म्हणजे धूर गेला असंही नाही. पडदे, गोधड्या, सोफ्याचं कापड तो धरून ठेवतात आणि नंतर हळूहळू सोडतात. रांगणारं मूल ते हातातोंडाला लावतं.

म्हणून नियम एकच ठेवा : उंबरठ्याच्या आत नाही. गॅलरी आतच मोजायची. गाडीही आत, कारण एवढ्याशा बंद जागेत काच खाली करून भागत नाही. इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०१५ पासून, गाडीत अठरा वर्षांखालचं मूल असताना धूम्रपान करणं बेकायदा आहे. आपल्याकडे तसा कायदा नसला तरी घरचा नियम करायला कोणाची परवानगी लागत नाही.

अवघड असतं ते सांगणं. ओढणारा माणूस बहुधा वयाने मोठा असतो आणि घर त्याने बांधलेलं असतं. माझे सासरे, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, चाळीस वर्षं गॅलरीतल्या आरामखुर्चीत विडी ओढत आले. मी आधी आरोग्यावर भाषण दिलं. ते वाया गेलं. मग जाऊबाईंनी वेगळ्या पद्धतीने विषय काढला. त्या म्हणाल्या, "अण्णा, विडी सोडा असं मी म्हणत नाहीये. फक्त खुर्ची खाली आवारात नेऊन देते, चहा तिथेच आणून देईन. बाळाला रात्री खोकला येतो, डॉक्टरांनी विचारलंय घरात कोण ओढतं." अण्णा दोन दिवस गप्प राहिले आणि तिसऱ्या दिवशी काठी घेऊन खाली गेले.

यातून मी काढलेली पद्धत अशी. एक, सोडण्याची मागणी आणि जागेची मागणी वेगळी ठेवा. दोन, ओढायला पर्यायी जागा तुम्हीच तयार करा, दारापासून आणि खिडक्यांपासून लांब, बसायची सोय असलेली. तीन, घरातला अॅशट्रे काढून टाका. तो समोर असणं म्हणजे मूक परवानगी. चार, ओढून आल्यावर हात धुणं, शक्य तर सदरा बदलणं, आणि मगच बाळाला घेणं. पाच, पाहुण्यांना सांगायचं काम घरातल्या त्याच माणसाला द्या जो स्वतः ओढतो. अण्णा आता आमच्या गावाकडच्या पाहुण्यांना इतक्या कडकपणे खाली पाठवतात की मलाच कधीकधी संकोच होतो.

सोडायची इच्छा असेल तर राष्ट्रीय तंबाखूमुक्ती मदतवाहिनीचा १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांक पाकिटावरच छापलेला असतो. तिच्या केंद्रांपैकी एक मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये आहे. निकोटिनच्या गोळ्या आणि च्युइंगम मिळतात, डोस डॉक्टरांना विचारून घ्या. 'त्यापेक्षा ई-सिगारेट बरी' म्हणणाऱ्या भाच्याला सांगा की २०१९ च्या कायद्याने तिची विक्री, आयात आणि साठवणूक देशभर बंद आहे.

कायद्याने हातात काय दिलं आहे

धूम्रपानबंदीच्या कायद्यामागे एका मुंबईकराचं नाव आहे. केरळ उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये सार्वजनिक धूम्रपान बेकायदा ठरवलं. गोव्याने तर धूम्रपान आणि थुंकणं या दोन्हींवर १९९७ मध्येच कायदा केला होता. पण देशभरासाठी दार उघडलं ते मुंबईचे माजी महापौर मुरली देवरा यांच्या याचिकेने. २ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दवाखाने, शाळा, ग्रंथालयं, न्यायालयं, सरकारी कचेऱ्या, प्रेक्षागृहं आणि रेल्वेसह सार्वजनिक वाहनं इथे धूम्रपान बंद केलं. न ओढणाऱ्याला दुसऱ्याच्या धुराने आजारी पाडणं म्हणजे त्याच्या जगण्याच्या हक्कावर घाला, असा त्यामागचा विचार. पाठोपाठ २००३ चा सिगारेट आणि इतर तंबाखू उत्पादने कायदा आला. त्याखालचे सविस्तर नियम २ ऑक्टोबर २००८ ला, गांधीजयंतीला, लागू झाले.

तुमच्या उपयोगाचा भाग या २००८ च्या नियमांत आहे. ऑफिस, कारखाना, मॉल, सिनेमागृह, उपाहारगृह हे सगळं सार्वजनिक ठिकाण. मूळ कायद्याने मोकळी जागा वगळली होती, पण नियमांनी स्टेडियम, रेल्वे स्टेशन, बस स्टॉप अशा लोकांच्या वर्दळीच्या जागा पुन्हा आत घेतल्या. तेव्हा 'फलाटाला छप्पर नाही, इथे चालतं' हा युक्तिवाद टिकत नाही.

जागा सांभाळणाऱ्याने काय करायचं हेही तिथे लिहिलं आहे. प्रत्येक प्रवेशद्वाराशी किमान ६० बाय ३० सेंटिमीटरचा फलक हवा. मजले असतील तर प्रत्येक मजल्यावर, जिन्यात आणि लिफ्टपाशीही हवा. अॅशट्रे, काडेपेटी, लायटर पुरवायचे नाहीत. तक्रार कोणाकडे करायची त्या माणसाचं नाव लावलेलं हवं. आणि तक्रार करूनही त्याने काही केलं नाही, तर जितके गुन्हे तिथे घडले तितका दंड त्याच्याकडून. एका गुन्ह्याला दंड २०० रुपयांपर्यंत. रक्कम ऐकून लोक हसतात, मीही हसले होते. पण हॉटेलच्या मॅनेजरला हा गुणाकार समजावून सांगितला की तो हसत नाही.

ऑफिस आणि हॉटेल

ऑफिसात क्रम असा ठेवा. सर्वात आधी प्रवेशद्वार, जिना, लिफ्टसमोरची जागा, स्वच्छतागृह फिरून फलक मोजा. नसतील तर तुमची पहिली तक्रार फलकांची, माणसाची नव्हेच. सहकाऱ्याचं नाव न घेता सुरुवात होते आणि कोणी दुखावत नाही. फोटो काढायचे तर थोटकांचे, ठेवलेल्या अॅशट्रेचे, फलक नसलेल्या भिंतीचे काढा. ओढणाऱ्याचा चेहरा टिपलात की विषय धुराचा राहत नाही, तुमच्या मोबाइलचा होतो.

मग मनुष्यबळ विभागाला ईमेल. तोंडी सांगू नका, त्याची नोंद राहत नाही. मजकूर एवढा पुरे :

'आपल्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरील जिन्यात रोज दुपारी १ ते २ या वेळेत धूम्रपान होते व धूर कामाच्या दालनात येतो. २००८ च्या नियमांनुसार कामाचे ठिकाण हे सार्वजनिक ठिकाण आहे. नियमाप्रमाणे फलक लावावेत, तक्रार स्वीकारणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव जाहीर करावे व केलेली कार्यवाही कळवावी.'

तारीख, वेळ, जागा. विशेषणं नकोत. मी तिथे 'असह्य' आणि 'बेजबाबदार' लिहून पाहिलं आहे, उत्तर देणारा त्या शब्दांनाच उत्तर देत बसतो. खासगी ऑफिसात दंड करण्याचा अधिकार संस्थेच्या प्रमुखाला किंवा मनुष्यबळ व्यवस्थापकालाही दिलेला आहे. बहुतेकांना ते ठाऊक नसतं, सौम्यपणे सांगा. सरकारी कचेरी असेल तर माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज फार कामी येतो. एकच प्रश्न विचारा : या कार्यालयात धूम्रपानाची तक्रार स्वीकारणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव काय आणि ते कुठे लावलं आहे? माझ्या अनुभवात उत्तराआधी फलक लागतो.

हॉटेलातली वेगळी 'स्मोकिंग' खोली ही कायद्यातली पळवाट आहे असं माझं मत, पण ती सरसकट नाही. किमान तीस खोल्यांची हॉटेलं, किमान तीस जणांच्या बैठकीची उपाहारगृहं आणि विमानतळ यांनाच ती ठेवता येते. तिला चारही बाजूंनी छतापर्यंत भिंती हव्यात, दार आपोआप बंद होणारं हवं आणि आतली हवा थेट बाहेर फेकली गेली पाहिजे. ती दाराशी असता कामा नये. २०१७ पासून तिथे खाणंपिणं वाढायलाही मनाई आहे. अर्ध्या उंचीची काच लावून पलीकडे टेबलं मांडलेली दिसली, तर ती खोली नव्हे. हुक्का पार्लर महाराष्ट्रात २०१८ च्या दुरुस्तीने पूर्ण बंद आहेत आणि तिथे शिक्षा आहे एक ते तीन वर्षं कैद. ही दुरुस्ती आली ती डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईच्या कमला मिल्समधल्या हॉटेलांना लागलेल्या आगीनंतर.

बंदीने खरंच फरक पडतो का, हे विचारणारा एक तरी भेटतोच. त्याला स्कॉटलंड सांगा. तिथे २६ मार्च २००६ ला बंद सार्वजनिक जागांत बंदी आली. नऊ रुग्णालयांत आधीच्या आणि नंतरच्या दहा-दहा महिन्यांची तुलना केली, तर हृदयाच्या तीव्र झटक्यांसाठी भरती होणारे १७ टक्क्यांनी घटले होते. या घटीतला दोन तृतीयांश वाटा न ओढणाऱ्यांचा होता.

प्रवासात

रेल्वेत डब्याच्या दाराशी किंवा शौचालयात ओढणाऱ्याशी चालत्या गाडीत वाद घालू नका. १३९ ला फोन करा किंवा रेल मदद अॅपवर गाडी, डबा आणि आसन क्रमांक टाका. एसटीत वाहकाला सांगा. रिक्षावाला स्वतः ओढत असेल तर 'दादा, मला दमा आहे' एवढं वाक्य पुरतं. ते खरं असायलाच हवं असं नाही.

कोणीच ऐकलं नाही तर

लेखी तक्रारीनंतर पंधरा दिवस थांबा. मग त्याच ईमेलची प्रत जोडून जिल्हा रुग्णालयातल्या जिल्हा तंबाखू नियंत्रण कक्षाकडे अर्ज द्या, आणि एक प्रत पोलिस ठाण्यात. उपनिरीक्षक आणि त्यावरचे अधिकारी कारवाई करू शकतात. ठाण्यात जाताना नियमांची छापील प्रत बरोबर ठेवा. मला तिथे एकदा 'ताई, हा कायदा फक्त शाळेजवळ लागतो' असं ऐकवलं गेलं होतं. तो गोंधळ शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला मनाई असलेल्या वेगळ्या कलमामुळे झालेला. प्रत दाखवली तर पोच मिळाली.

सोसायटीचा जिना

आता पुन्हा त्या खिडकीकडे. इथे कायदा लंगडा पडतो. घराच्या आत तो शिरतच नाही, आणि राहत्या इमारतीचा जिना सार्वजनिक ठिकाण मोजायचा का, यावर वाद घालता येतो. खाली दवाखाना, क्लास, दुकानं असतील आणि बाहेरचे लोक त्याच जिन्याने येत-जात असतील, तर तुमची बाजू बळकट. निव्वळ राहती इमारत असेल तर माझा सल्ला : कायद्याचा हट्ट सोडा, सर्वसाधारण सभेचा ठराव करा. इतर सभासदांना उपद्रव होईल असं वागायचं नाही, हे सोसायटीच्या उपविधींत, म्हणजे नियमावलीत, असतंच. त्याचा आधार घेऊन जिना, लिफ्ट, गच्ची, पार्किंग ही सामायिक जागा धूम्रपानमुक्त असल्याचा ठराव घ्या.

विषय सभेच्या विषयपत्रिकेवर आधी छापा, आयत्या वेळच्या विषयांत घुसवू नका. ठरावात कोणाचं नाव नको. आमच्या सभेत मी मुद्दाम त्याच गृहस्थांना आधी बोलायला दिलं. ते म्हणाले, "बायको घरात ओढू देत नाही, खाली वॉचमनसमोर बरं वाटत नाही, मग जाऊ कुठे?" सभा हसली, पण प्रश्न खरा होता. मागच्या कुंपणाच्या कोपऱ्यात, कोणाच्याही खिडकीखाली येणार नाही अशा ठिकाणी, एक बाकडं आणि वाळूचं पिंप ठेवायचं ठरलं. ठराव एकमताने पास झाला. त्यांनीच अनुमोदन दिलं.

तोवर, किंवा धूर शेजारच्या घरातूनच येत असेल, तर थोडी डागडुजी करून घ्या. धूर येतो तो मुख्य दाराच्या फटीतून, बाथरूमच्या डक्टमधून आणि पाइप भिंतीत शिरतात तिथल्या भोकांतून. दाराखाली रबराची पट्टी बसवा, पाइपांभोवती पांढरं सिमेंट भरा, बाथरूमच्या एक्झॉस्टला आपोआप मिटणारी झडप लावा. आणखी एक गोष्ट सहज सुचत नाही. स्वयंपाकघराची चिमणी चालू असताना ती घरातली हवा बाहेर फेकते आणि तेवढीच हवा दुसरीकडून आत खेचली जाते. खिडक्या बंद असतील तर ती जिन्यातून येते, धुरासकट. चौथ्या मजल्यावरच्या घरात संध्याकाळीच वास का यायचा, याचं उत्तर हे निघालं : पोळ्यांची वेळ. चिमणी लावताना बाहेरच्या बाजूची एक खिडकी उघडी ठेवली आणि निम्मा त्रास त्याच दिवशी गेला.

आणि ते वाळूचं पिंप झाकणाचं घ्या. ते रिकामं करायचं काम ठरावातच कोणाच्या तरी नावावर लिहा. आमच्याकडे हे राहून गेलं, पहिल्या पावसात पाणी साचलं, आणि महापालिकेचा माणूस डासांच्या अळ्यांची नोटीस हातात ठेवून गेला.